मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर, पण सोलापूरहून किती तास? नवी पेठेतील एका तिकीट कार्यालयाचा अनुभव

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर आई-वडिलांना लंडनला धाकट्या भावाकडे पाठवायचे होते, म्हणून नवी पेठेतील या तिकीट कार्यालयात आम्ही प्रथमच गेलो. दोघेही सत्तरीपुढचे आणि विमानाचा प्रवास पहिलाच; त्यामुळे भाड्याइतकीच प्रवासाला नेमका किती वेळ लागेल याची आम्हाला काळजी होती. मोबाईलवर मुंबई-लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि वेळ ८ तास दिसत होता.

कार्यालयाच्या चालकांनी टेबलावरचा पृथ्वीगोल पुढे ओढला, मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला आणि ७,२०० किलोमीटर ही फक्त या दोऱ्याची लांबी आहे, असे वडिलांना समजावून सांगितले. तो दोरा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आहे. त्यामुळे आपल्याकडच्या कंपनीच्या विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. शिवाय पश्चिमेकडे जाताना उंचावरचा जोरदार वारा समोरून येतो. म्हणून जाताना सुमारे १० तास धरावेत, येताना तोच वारा पाठीशी असल्याने वेळ कमी लागेल, असे त्यांनी सांगितले. इतक्या निगुतीने समजावणारा माणूस मला आजवर तिकिटाच्या खिडकीपाशी भेटला नव्हता.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो त्यांचा पुढचा हिशेब, कारण तो सोलापुरातल्या आमच्या उंबऱ्यापासून सुरू झाला. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, ४५५ किलोमीटर, पहाटेनंतर मुंबई, दुपारी विमान, उतरल्यावर तपासणी आणि सामान मिळून दोन तास: एकूण सुमारे २७ तास. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईला विमान सुरू झाले आहे, तेव्हा त्यानेच का जाऊ नये, असे मी विचारले. दोन्ही तिकिटे वेगवेगळी असतील तर पहिले विमान रखडल्यास दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले आणि स्वतःचे एक तिकीट कमी विकले जात असतानाही रेल्वेचाच सल्ला दिला.

एक उणीव मात्र नोंदवावीशी वाटते. त्यांनी छापून दिलेल्या कागदावर दुपारी १ वाजता प्रस्थान आणि सायंकाळी साडेपाचला आगमन एवढेच होते. या वेळा त्या-त्या शहरातल्या आहेत आणि हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, हे कुठेही लिहिलेले नव्हते. आईने सरळ वजाबाकी केली आणि साडेचार तासांत पोहोचणार म्हणून दुपारच्या गोळ्या तेवढ्या हातातल्या पिशवीत ठेवल्या, रात्रीच्या मोठ्या बॅगेत. निघण्याच्या दिवशी ते माझ्या लक्षात आले, तेव्हा गोळ्या बदलून ठेवल्या आणि कागदावर लाल शाईने ‘१० तास’ असे मोठ्या अक्षरांत लिहून दिले.