430टीएक्स बोर्डवर 64 एमबी की 128? काही महिने वापरल्यावरचा अनुभव

मशीन आधी सांगतो. पेंटियम एमएमएक्स 233, इंटेल 430टीएक्स चिपसेटचं (सीपीयू आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिपांचा संच) मदरबोर्ड, विंडोज 98 सेकंड एडिशन. या बोर्डाबद्दल कुणालाही विचारा, निम्मे म्हणतात भरपूर रॅम टाक, निम्मे म्हणतात 64 च्या वर जाऊच नकोस, म्हणून गेले काही महिने दोन्ही आलटून पालटून लावून नेहमीचं काम त्यावरच केलं.

लिमिट आहे ते रॅमचं नाही, कॅशचं आहे. चिपसेट 256 एमबीपर्यंत रॅम घेतो, पण बोर्डवरची एल2 कॅश (सीपीयू आणि रॅमच्या मधली छोटी, वेगवान मेमरी) फक्त पहिल्या 64 एमबीला मिळते. टॅग रॅम, म्हणजे कॅशमध्ये रॅमचा कुठला भाग आहे याची नोंद ठेवणारी चिप, 8 बिटची, म्हणजे 256 वेगवेगळे आकडे, कॅश 256 केबी, गुणाकार केला की बरोब्बर 64 एमबी. बोर्डवर 512 केबी कॅश असली तरी टीएक्सवर हा आकडा हलत नाही. 1996 च्या 430एचएक्स चिपसेटवर टॅगचे बिट वाढवून 512 एमबीपर्यंत सगळी रॅम कॅश करायची सोय होती, आणि 1997 ला टीएक्स आला त्यात एसडीरॅम (जास्त वेगवान रॅम) मिळाली पण ही सोय गेली. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बाकी बोर्ड फार चांगलं आहे.

जुन्या 386एसएक्स सीपीयूला रॅमचा पत्ता सांगायला 24 अ‍ॅड्रेस लाइन, 16 एमबी झाले की विषय संपला, तिथे निदान कळतं तरी. इथे 128 लावली की बायोस 128 मोजतो, विंडोज 128 दाखवतं, एरर कुठेच येत नाही, फक्त मशीन जड चालतं. आणि ते पहिल्या मिनिटापासून, 64 भरल्यावर नाही, कारण विंडोज 98 मेमरी वरच्या टोकाकडून वाटत खाली येतं, म्हणजे कॅश नसलेला भाग आधी वापरला जातो. स्टार्ट मेनूतला प्रोग्राम्सचा फोल्डर उघडताना, एक्सप्लोररमध्ये मोठी लिस्ट स्क्रोल करताना हा फरक डोळ्यांना दिसतो, त्याला बेंचमार्क लागत नाही.

खात्री करायची असेल तर रॅम काढायचीही गरज नाही. विंडोजची सेटिंगची फाइल सिस्टम.आयएनआय उघडा, 386एन्ह सेक्शनमध्ये मॅक्सफिजपेज=4000 लिहा, रीस्टार्ट करा. हा आकडा हेक्समध्ये आहे, 4 केबीची 16384 पानं, म्हणजे 64 एमबी. तीच रॅम, तीच हार्ड डिस्क, आणि मेनू लगेच उघडायला लागतात. ओळ काढली की परत जड.

मग 64 च ठेवायची का, तर नाही, सगळ्यांनी नाही. फोटो एडिटिंगमध्ये मोठ्या स्कॅन केलेल्या इमेज उघडल्या की 64 एमबीवर स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कचा वापर) सुरू होतो आणि डिस्क थांबायचं नावच घेत नाही, कॅश नसलेली रॅम कितीही स्लो म्हटली तरी त्या काळच्या डिस्कपेक्षा कितीतरी पटीने फास्ट आहे, तिथे 128 सरळ जिंकते. गेम आणि साधं ऑफिसचं काम असेल तर 64 पुरे. डॉस गेमना काहीच फरक पडला नाही, ते खालच्या मेमरीतच राहतात.

लिनक्सवाल्यांनी याच्यावर फार सुंदर उपाय केलेला आहे. कर्नलला (लिनक्सचा गाभा) मेम=64एम सांगायचं आणि वरची उरलेली रॅम, तिला डिस्कसारखं दाखवणाऱ्या एसएलरॅम ड्रायव्हरने स्वॅप म्हणून लावायची. कॅश नसलेली मेमरी नेमकी जिथे चालून जाते तिथे वापरली, वाया काहीच गेलं नाही. विंडोजमध्ये असं काही हाताशी असतं तर हा प्रश्नच उरला नसता.

कायमचा इलाज मात्र सीपीयू बदलणं. एएमडीच्या के6-2 प्लसमध्ये 128 केबी एल2 कॅश चिपच्या आतच आहे, तिला बोर्डच्या टॅगशी देणंघेणं नाही. बोर्डवर 2.0 व्होल्टचं सेटिंग मिळतंय का हे आधी बघा, नसेल तर नाद सोडा. असेल तर मल्टिप्लायर (बसचा वेग किती पट करायचा तो आकडा) 2 वर ठेवायचा, हा सीपीयू त्याला 6 धरतो, 66 मेगाहर्ट्झच्या बसवर 400 मेगाहर्ट्झ मिळतात. मी हेच केलं, आता 128 एमबी आहे आणि ती मॅक्सफिजपेजची ओळ कधीच काढून टाकलीय.

डिम, म्हणजे रॅमची पट्टी, घेताना चिपा मोजा. टीएक्सला 64 मेगाबिटच्या चिपा कळतात, म्हणजे 128 एमबीची डिम 16 चिपांची हवी, दोन्ही बाजूंना 8-8. एकाच बाजूला 8 चिपा असलेली 128 ची डिम दिसायला नवीन आणि छान असते, पण हे बोर्ड तिची निम्मीच रॅम दाखवतं, नाहीतर बूटच होत नाही.