रुबोंडो की सानाने? व्हिक्टोरिया सरोवरातली दोन बेटं

सेरेंगेटी बघून व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वान्झा शहरापर्यंत आलाच असाल, तर सरोवरातलं एखादं बेट बघितल्याशिवाय परतू नका. टांझानियाने इथल्या दोन बेटांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिलाय. पण दोन्हींची जातकुळी पार वेगळी.

सानाने म्वान्झाला अगदी खेटून आहे, बोटीने दहा-पंधरा मिनिटं. 1964 साली देशातलं पहिलं प्राणिसंग्रहालय इथे सुरू झालं आणि 2013 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पाण्यासकट जेमतेम 2 चौरस किलोमीटर. खडकांवर सशाएवढे, गुबगुबीत हायरॅक्स, गवतात इम्पाला हरणं. अगामा सरड्याचा नर तर डोकं लालगुलाबी आणि अंग निळं करून उन्हात चक्क जोर काढत असतो. मुलं तिथून हलत नाहीत. सोबत वयस्कर आई-वडील असतील आणि हाताशी अर्धाच दिवस असेल, तर हेच बरं. एकांत मात्र मिळणार नाही, शहर समोरच दिसत राहतं.

रुबोंडो सरोवराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. जमीनच सुमारे 240 चौरस किलोमीटर, बहुतेक सगळं दाट जंगल, गावं नाहीत. म्वान्झाहून छोटं विमान, नाहीतर गेइताच्या बाजूने रस्ता आणि पुढे बोट. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त, तरी माझं मत रुबोंडोलाच. कारण इथले चिंपांझी. 1966 ते 1969 या काळात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक यांच्या पुढाकाराने युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतून आणि सर्कशींतून ते इथे आणून सोडले. पिंजऱ्यात वाढलेले जीव, पण जंगलात जगायला आपले आपण शिकले. त्यांची पुढची पिढी आज फांद्या वाकवून रोज संध्याकाळी नवं घरटं बांधते. हे मला फार मोठं वाटतं.

दर्शनाची खात्री मात्र धरू नका. कधी नुसत्या आरोळ्याच ऐकू येतात. चिंपांझी दिसायलाच हवेत असं असेल, तर टांगानिका सरोवराकाठचं महाले राष्ट्रीय उद्यान गाठा. रुबोंडोला पाणथळात सिटाटुंगा हरीण शोधा. लांब, फाकलेल्या खुरांमुळे ते चिखलात रुतत नाही. सिंह-बिबटे नसल्यामुळे पायी फिरता येतं, पण हत्ती आहेत, म्हणून वनरक्षक सोबत हवाच.

पोहायचा मोह दोन्हीकडे टाळा. मगरी आहेत, शिवाय सरोवराच्या पाण्यात बिल्हार्झियाचा, म्हणजे त्वचेतून शरीरात शिरणाऱ्या परजीवी कृमींच्या आजाराचा, धोका आहे. आणि रुबोंडोला एका रात्रीसाठी जाऊ नका. पूर्ण दोन दिवस मोकळे नसतील, तर सरळ सानानेची बोट धरा.