युनिटटेस्ट की पायटेस्ट? प्रकल्पात दोन्ही असतील तर

युनिटटेस्ट आणि पायटेस्ट ही पायथन कोडच्या टेस्ट लिहिण्याची आणि चालवण्याची दोन साधनं. पायथनचा प्रकल्प थोडा जुना झाला की टेस्टच्या फोल्डरमध्ये दोन पिढ्या दिसू लागतात. जुन्या फायलींत युनिटटेस्टचे टेस्टकेस क्लास आणि सेटअप (प्रत्येक टेस्टआधी चालणारी तयारी), नव्यांत पायटेस्टची साधी फंक्शन्स आणि फिक्स्चर (टेस्टला लागणारी गोष्ट बनवून देणारं फंक्शन). दोन्ही चालतात, म्हणून कोणी हात लावत नाही. पण ग्राहकाची तीच नमुना नोंद एकीकडे सेटअपमध्ये बनते, दुसरीकडे फिक्स्चरमध्ये. टेबलात नवा कॉलम आला की एकच जागा दुरुस्त होते. मग टेस्ट फेल झाली की चूक कोडची की टेस्टची, हे शोधण्यात सकाळ जाते. माझ्या मते हा घोळ दोन्हींपैकी कुठल्याही एका पर्यायापेक्षा वाईट.

युनिटटेस्ट 2001 सालच्या 2.1 आवृत्तीपासून पायथनसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. त्याची घडण जावाच्या जेयुनिट या टेस्ट साधनाच्या वळणाची, त्यामुळे जावातून आलेल्यांना ते ओळखीचं वाटतं. जँगो या वेब फ्रेमवर्कचा टेस्ट रनरही (टेस्ट चालवणारा भाग) त्यावरच उभा आहे. मात्र ‘असर्टइक्वल्स’सारखी तपासणीच्या मेथडची जुनी पर्यायी नावं पायथन 3.12 मध्ये काढून टाकली, तेव्हा जुन्या फायली एकदा तपासाच.

पायटेस्टमध्ये साधं असर्ट (अट खरी आहे का हे पाहणारी ओळ) पुरतं आणि टेस्ट फेल झाली की दोन्ही बाजूंच्या किमती समोर येतात. पण मला ते आवडतं फिक्स्चरसाठी. टेस्टला जे हवं ते आर्ग्युमेंटमध्ये मागायचं. नमुना नोंद कॉन्फटेस्ट फाइलमध्ये (सामायिक फिक्स्चर ठेवायची जागा) एकदाच लिहायची. सेशन स्कोप (सगळ्या टेस्टसाठी फिक्स्चर एकदाच बनवणं) मात्र जपून वापरा. एका टेस्टने ती सामायिक नोंद बदलली की दुसरी टेस्ट फेल होते, आणि तीही धावण्याचा क्रम बदलला तरच. असा दोष सापडता सापडत नाही.

बाहेरचं एकही पॅकेज न घेणारी छोटी लायब्ररी असेल तर युनिटटेस्टवरच राहा. बाकी बहुतेकांना मी पायटेस्ट सुचवेन, कारण ते जुने टेस्टकेसही आहेत तसे चालवतं आणि सगळं एका दिवसात बदलावं लागत नाही. फक्त टेस्टकेसच्या मेथडला फिक्स्चर आर्ग्युमेंट म्हणून मिळत नाही, पॅरामेट्राइझही (एकच टेस्ट वेगवेगळ्या किमतींवर चालवणं) चालत नाही. म्हणून क्लास अर्धवट बदलू नका. ज्या फाइलला काही कारणाने हात लावाल, ती त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल रिव्ह्यूसाठी पाठवण्याची विनंती) पूर्ण बदला आणि नवा टेस्टकेस क्लास आला तर रिव्ह्यूमध्येच थांबवा.