पिवळ्या कडेपायी गेलेले २४,५५० रुपये

घरी रोपं वाढवून विकायच्या एका योजनेत मी फसले. आधी आकडा सांगते. नोंदणी २,५००. पानांचं किट १२,०००. मातीऐवजी वापरायचं कोकोपीट, परलाइट आणि मुळं फुटायची पावडर मिळून ३,४००. कुरिअर ८५०. नंतर काढलेलं ‘तपासणी शुल्क’ १,२००. पदरचे रॅक, ट्रे आणि काळ्या पिशव्यांचे ४,६००. एकूण २४,५५०. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

‘घरबसल्या रोपं तयार करा, आम्ही विकत घेतो.’ साचा तुम्हाला ठाऊक आहेच. ‘तुम्ही वाढवा, आम्ही घेतो’ म्हणत लोकांचे पैसे असेच बुडवले गेले: सफेद मुसळी झाली, इमू पक्षी झाले, २०१९ला कडकनाथ कोंबड्यांचं झालं. ते कडकनाथवाले पेपरात वाचून मीच म्हटलं होतं, लोकांना अक्कल कशी नसते. तेव्हा मला हसायचं असेल तर हसा, पण पुढचं वाचा.

झाड होतं स्नेक प्लांट, पिवळ्या कडांचं. त्याला सासूची जीभही म्हणतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझ्या खऱ्या सासूबाईंनी मला वेळेत सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

योजनावाल्यांशी बोलणं असं झालं होतं. ते ६० पानं पाठवणार. एका पानाचे चार तुकडे, म्हणजे २४० तुकडे. प्रत्येकाला कोंब फुटून तीन पानांचं रोप झालं की १४० रुपयांना ते उचलणार. २४० गुणिले १४०, म्हणजे ३३,६००. झाड चिवट, पाणी कमी लागतं, ऊन नसलं तरी चालतं. आमची डोंबिवलीतली गॅलरी उत्तरेकडची, तिथे गुलाब कधी तगला नाही. मला वाटलं हे आपल्यासाठीच आहे. मी काही भोळी नाही हो. सोसायटीचे हिशोब अकरा वर्षं मी ठेवलेत. करारपत्र मागितलं, ते आलं. पावती मागितली, तीही आली. ‘ताई, तुमच्यासारख्या चौकस बायकाच आम्हाला हव्यात,’ असं त्यांचा माणूस फोनवर म्हणाला आणि मी खूश झाले. हे लिहिताना आत्ताही कान तापलेत.

पैसे भरले १४ जानेवारीला. संक्रांतीच्या दिवशी! ‘संक्रांत आली’ म्हणतात ते उगाच नाही. गूगल पेवर संस्थेऐवजी कुणा बाईचं नाव दिसलं. विचारलं तर म्हणाला, अकाउंटंट मॅडमचं खातं आहे, जीएसटीचं काम चालू आहे. मी मान डोलावली आणि पिन टाकला. पैसे ज्या नावावर जाणार ते नाव आणि पावतीवरचं नाव एकच नसेल तर फोन खाली ठेवा. बस.

पानं आली वर्तमानपत्रात गुंडाळून, ओल्या गोणपाटाच्या वासाची. मी सगळं नीट केलं. चार-चार बोटांचे तुकडे कापले आणि खालची बाजू ओळखावी म्हणून तिथे उलट्या व्हीसारखी खाच मारली, कारण तुकडा उलटा खोचला की मूळ फुटत नाही. मग तीन दिवस सावलीत पेपरवर वाळत घातले. काप सुकून त्यावर पातळ पापुद्रा यावा लागतो, नाहीतर कुजतात. दिवाणखान्यात २४० तुकडे पसरलेले. आमचे हे म्हणाले, घरात पापड वाळत घातलेत की काय.

तेव्हाच सासूबाई चष्मा पुसत आल्या. त्या मूळच्या गुहागरकडच्या, अंगणात सगळं लावलेलं. एक तुकडा उचलला, बोट पिवळ्या कडेवरून फिरवलं आणि म्हणाल्या, ‘पान खोचलंस तर हिरवंच येईल हो. पिवळं हवं तर मुळाशी फुटवा असतो, तो गड्ड्यासकट काढावा लागतो.’

मी काय म्हणावं? ‘आई, हे टेक्निकवालं आहे. पावडर दिलीय त्यांनी.’

त्या काही बोलल्या नाहीत. तुकडा होता तिथे ठेवला. खाचेची बाजू खाली करून.

सावध व्हायची ही पहिली वेळ. दुसरी वेळ आठवली की अजून झोप उडते. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मार्चमध्ये एका बाईंनी विचारलं, ‘पानापासून पिवळी कड उतरते का? करारात कलम ७ मध्ये कड असलीच पाहिजे असं लिहिलंय.’ दोन मिनिटांत मेसेज गायब. खाली करड्या अक्षरांत, ॲडमिनने त्यांना काढून टाकलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारचे तीन वाजले होते, चहाचं आधण ठेवलं होतं. आणि मला वाटलं काय, तर बाई खवचट दिसतेय, बरं झालं गेली! उठून कपाटातलं करारपत्र काढलं असतं, कलम ७ वाचलं असतं, तर निदान पुढचे १,२०० तरी वाचले असते. मी चहात आलं किसलं.

कलम ७ असं: ‘रोप मूळ झाडासारखे, दोन्ही कडांना अखंड पिवळी पट्टी असलेले असावे.’ आता पाठ झालंय.

सासूबाईंचं शास्त्र पुस्तकातही तेच आहे. या जातीची पिवळी कड म्हणजे पानातला वेगळ्याच पेशींचा थर. तुकड्यातून नवा कोंब येतो तो हिरव्या भागातल्या पेशींतून, त्यात तो थर येतच नाही. पावडर लावा नाहीतर दूध ओता. कड टिकवायची तर जमिनीखालचं खोड फुटव्यासकट तोडून लावायचं, दुसरा रस्ता नाही. म्हणजे या लोकांनी आम्हाला असं काम दिलं जे होऊच शकत नाही, आणि ते झालं नाही म्हणून माल नाकारायचं कलम आधीच लिहून ठेवलं. कडकनाथमध्ये निदान कोंबडी काळी तरी निघत होती.

पावसाळ्यात ४३ तुकडे कुजले. वास असा की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. ऑगस्टपर्यंत १६८ना कोंब आले. चकचकीत, मांजरासारख्या पट्ट्यांचे, सुंदर. सगळे हिरवे. मग १,२०० भरून ‘व्हिडिओ तपासणी’ झाली. ती चार मिनिटं चालली. ‘ताई, कड नाही. रिजेक्ट.’ मग मोठ्या मनाने, हिरव्याला १२ रुपये देऊ, पोचवायचा खर्च तुमचा. मी आवाज चढवला, त्याने फोन ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपमधून मीही बाहेर. त्या खवचट बाईंसारखीच.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेले. तेच झाड, पिवळ्या कडेचं, सहा-सात पानांची कुंडी १५० रुपयांना. म्हणजे मी बारा हजारांना घेतलेली साठ पानं दीड हजाराची होती. किट घेण्याआधी त्याच झाडाचा भाव नर्सरीत जाऊन विचारा, दहा मिनिटं लागतात.

मग सरकारी दारं. पोलीस चौकीत साहेबांच्या टेबलावर, काचेखाली देवाचा फोटो आणि शेजारी कुंडी. स्नेक प्लांट. पिवळ्या कडेचा! मी त्याच्याकडे बोट दाखवून समजावत होते आणि ते विचारत होते, हे रात्री ऑक्सिजन देतं म्हणतात, खरं का? मग म्हणाले, ‘मॅडम, त्याने माल दिला ना? तुम्ही तो लावला ना? मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब.’ मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे ना, जुनं ४२०? ते हसले. वकील आहात का? मग करारपत्र हातात घेऊन त्यांनीच शोध लावला की स्टॅम्प शंभराचा आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात किमान पाचशेचा लागतो. म्हणजे कागदही कच्चा. बरं, मग हे फसवणुकीच्या बाजूने धराल की नाही? नाही. तो ‘कागदाचा दोष’.

१९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. पैसे जाऊन सात महिने झाले होते. पैसे गेल्या-गेल्या, पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते, एवढं कळलं. तुम्ही तरी थांबू नका, आधी फोन करा, रडायचं नंतर. सायबरवाले म्हणाले, स्थानिक ठाण्यात जा. ठाणं म्हणालं, सायबरला जा. रिक्षाचे ३८० झाले, ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. कृषी कार्यालयात गेले तर एका तरुण अधिकाऱ्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की रोपवाटिकांचा राज्याचा कायदा १९६९चा, तो फळझाडांचा. आंब्याचं कलमी रोप असतं तर काही बघता आलं असतं. शोभेच्या झाडाला वाली नाही. सगळ्यांत सभ्य माणूस तोच, आणि त्याच्याही हातात काही नव्हतं.

शेवटी ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तिथेही प्रश्न आलाच, तुमचा हेतू व्यावसायिक, मग तुम्ही ग्राहक कशा? स्वतः राबून पोटापाण्यासाठी केलेलं काम त्यात मोडत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. ते लिहून दिलंय. तारीख पडलीय.

रोपं गॅलरीत आहेत. सासूबाई त्यांना पाणी घालत नाहीत, पण रोज एकदा बघून जातात. अजून एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागतं.

मागच्या आठवड्यात नवीन नंबरवरून फोन आला. आवाज तोच. ‘ताई, दुहेरी फुलांचं अडेनियम, बियांचं किट, ९,५००, रोपं आम्हीच उचलणार.’ मी शांतपणे विचारलं, ‘बी लावून आईझाडासारखंच दुहेरी फूल येतं का हो?’ फोन कट.

नंबर घेऊन लगेच चौकीत गेले. अर्ज लिहून आणायला सांगितलाय. दोन प्रतींत.