जिताड्यासाठी घेतलेला रॉड-रीलचा सेट: पावसाळा ते उन्हाळा, खाडीतला अनुभव

रेवदंड्याच्या खाडीत जिताडा मासा गरवायला गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हा सेट घेतला. 8 फुटी मिडियम-हेवी रॉड, 4000 साइजचं स्पिनिंग रील, 30 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि तिच्या पुढे गळाकडच्या टोकाला फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे घासणं सोसणारा जाड दोरीचा तुकडा. कंपन्यांची नावं देत नाही, कारण जिताड्याच्या बाबतीत मापं बरोबर असणं जास्त महत्त्वाचं.

रॉडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बांधावरून आणि जेटीवरून 25-30 ग्रॅमचा लूर (नकली मासा) आरामात लांब जातो. तिवरांत शिरून गरवायचं असेल तर मात्र 7 फुटीच घ्या.

खरी कसोटी लीडरची. जिताड्याला कापणारे दात नाहीत, पण जबडा कानशीसारखा खरखरीत असतो आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार. गळ लागला की तो पाण्याबाहेर उसळतो, तोंड उघडं ठेवून डोकं झाडतो आणि प्रत्येक झटक्याला दोरी जबड्यावर घासते. तेवढ्यानं सुटका झाली नाही तर सरळ जेटीच्या खांबांकडे धावतो. तिथे कालवं! ब्रेड ओढीला कितीही ताकदवान असो, ताणलेली असताना कालवाच्या कडेला टेकली की तुटलीच. म्हणून गढूळ पाण्यात 50 पौंडी, दीड मीटर लांब लीडर लावतो. हिवाळ्यात पाणी निवळलं की 40 पौंडी. ब्रेडला जोडायला एफजी नावाची गाठ. बारीक असल्यानं रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही. प्रत्येक माशानंतर लीडर बोटांत धरून बघायचा, खरवडलेला भाग लगेच कापायचा.

लूरसोबत आलेले ट्रेबल हूक (तीन टोकांचे गळ) मोठ्या माशानं चक्क सरळ केले. आता नवा लूर आणला की आधी हूक आणि रिंगा जाड घालतो, मगच पाण्यात.

रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी ताणावर सोडणारा ब्रेक, अजून गुळगुळीत सुटतो. 3 ते 4 किलोवर लावतो, तेही वजनकाट्याला ओढून. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. नंतर ड्रॅग सैल करून सावलीत वाळवायचं. दोरी वळते त्या लाइन रोलरला तेलाचा थेंब द्यायला विसरू नका, खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी तोच कुरकुरतो.

सेट कितीही चांगला असो, जागा आणि पाणी चुकलं तर उपयोग नाही. माझी आवडती जागा खारबंदिस्तीची उघाडी, म्हणजे खाडीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. भरती वळून सुकती (ओहोटी) लागली की आतलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर बोयची पिल्लं आणि कोळंबी येते आणि जिताडा तोंडाशीच दबा धरून असतो. भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतो तेव्हाचा तो ‘भक्क’ आवाज एकदा ऐकलात की रात्रीची झोप विसराल. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फार ओढतं, लूर खाली टिकत नाही. मला भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, आसपासचे दिवस सोयीचे वाटतात.

एक गोष्ट मनापासून सांगतो. जिताडा आधी नर असतो, वाढता वाढता मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असलेला मोठा मासा जवळपास नेहमी मादी असते, लाखोंनी अंडी देणारी. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात आणि क्वीन्सलँडच्या खाड्यांमध्ये 58 सेंमीपेक्षा लहान किंवा 120 सेंमीपेक्षा मोठा ठेवता येत नाही. मला हा नियम फार पटतो. मी मधल्या मापाचा एखादा घरी आणतो, मोठा सोडतो. खायलाच हवा तर अलिबाग-पेणच्या खारेपाटात तळ्यांतले जिताडे मिळतात. सोडताना लिप ग्रिपनं (जबडा धरायच्या चिमट्यानं) उभा लटकवू नका, जबडा आणि मणका दुखावतो. एक हात पोटाखाली द्या आणि शक्यतो पाण्यातच गळ काढा.

नवीन घेणाऱ्यांनी रॉडवर वाचवून रील, हूक आणि लीडरवर खर्च करावा. माझ्या ब्रेडचा पुढचा भाग आता विरलाय, पण स्पूलच्या (रीलवरच्या दोरीच्या रिळाच्या) तळाशी अर्धी दोरी कोरी आहे. पावसाआधी ती उलटी गुंडाळून घेतो, म्हणजे आणखी एक हंगाम सहज निघेल.