स्टीम इस्त्री घ्यावी की साधीच बरी?

इस्त्री घ्यायला दुकानात गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो वॅटचा, दुसरा सवलतीचा. घरी आल्यावर मात्र निकाल लागतो वेगळ्याच गोष्टींवर: कपड्यांच्या ढिगात सुती किती आणि सिंथेटिक किती, नळाला पाणी कसलं येतं, आणि इस्त्री ज्या सॉकेटला लावायची ते किती अँपिअरचं आहे.

| | साधी इस्त्री | स्टीम इस्त्री | हातात धरायचा स्टीमर |
|---|---|---|---|
| वॅट (साधारण) | ७५० ते १००० | १२०० ते २४०० | १००० ते १६०० |
| पाणी | वरून शिंपडायचं | टाकीत भरायचं | टाकीत भरायचं |
| पँटची घडी | उत्तम | उत्तम | जमत नाही |
| देखभाल | जवळजवळ नाही | टाकी रिकामी करणं, क्षार काढणं | तेच |

सुती कापडाच्या सुरकुत्या नुसत्या उष्णतेने नीट जात नाहीत, ओल लागतेच. पाण्याने तंतूंमधले बंध सैल होतात आणि गरम तळाखाली दाबून कापड वाळलं की ते सपाट अवस्थेत पुन्हा जुळतात. जुन्या पिढीतल्या बायका कपड्यांवर पाणी शिंपडून गुंडाळी करून ठेवायच्या, त्यामागचं कारण हेच. स्टीम इस्त्री शिंपडणं आणि दाबणं ही दोन कामं एका वेळी करते, एवढाच फरक. तरी जाड लिनन, जीन्स, शर्टाची कॉलर, कुर्त्याची दुहेरी शिवण अशा ठिकाणी वाफ आतपर्यंत शिरते आणि हात कमी वेळा फिरवावा लागतो. रोज चार-पाच सुती शर्ट असतील तर हा फायदा खरा आहे.

खळ घातलेल्या साड्या आणि खादीच्या झब्ब्यांना मात्र मी साधी, वजनदार इस्त्रीच सुचवेन. कापड थोडं दमट असतानाच ती फिरवली की हवा तसा कडकपणा येतो. स्टीमच्या तळाला भोकं असतात, त्यांत खळ जाऊन बसते आणि पुढे एखाद्या पांढऱ्या शर्टावर करपलेला डाग देते.

रेशमाला आणखी जपायला हवं. डायलवरचा एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. बहुतेक इस्त्र्यांत वाफ दोन ठिपक्यांपासून पुढेच नीट बनते. त्याखाली स्टीम चालू ठेवलं तर पाणी उकळायच्या आधीच टपकतं, आणि रेशमावर पाण्याचा थेंब पडला की त्याचा डाग राहू शकतो. पैठणी उलटी करून, वर सुती कापड टाकून, वाफ बंद ठेवूनच इस्त्री करावी. म्हणजे त्या कामापुरती महागडी स्टीम इस्त्रीही साधीच झाली.

आता वॅटकडे वळू, कारण खरी मेख इथे आहे. खोक्यावर वाफ ग्रॅम प्रति मिनिटात लिहिलेली असते. २० ग्रॅम पाणी दर मिनिटाला उकळून त्याची वाफ करायची तर त्यालाच साधारण ८५० वॅट लागतात. तळ गरम ठेवायची ऊर्जा वेगळी. कमी वॅटची इस्त्री सतत वाफ देऊ लागली की दमते, तळ थंडावतो आणि ठिबक सुरू होते. म्हणजे भरपूर वाफ हवी तर वॅट जास्त हवेत.

पण घरातलं नेहमीचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्टला त्याची मर्यादा १३८० वॅट. २००० वॅटच्या इस्त्रीला जवळपास ९ अँपिअर लागतात, म्हणजे तिला गीझर किंवा एसीसाठी असतं तसं १६ अँपिअरचं सॉकेट पाहिजे. जुन्या इमारतीत बेडरूममध्ये असं सॉकेट सहसा नसतं. मग लोक कन्व्हर्टर प्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्ड लावतात आणि काही दिवसांनी प्लगचं प्लास्टिक पिवळं पडतं. हे करू नये. १६ अँपिअरचं सॉकेट नसेल आणि बसवून घ्यायचंही नसेल, तर मर्यादा १३८० धरूनच निवडा. अशा घरी हजार वॅटची साधी इस्त्री आणि पाण्याचा स्प्रे ही जोडी मला किरकोळ वाफेच्या स्टीम इस्त्रीपेक्षा सरस वाटते. स्वस्तही पडते.

जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा ‘स्टीम बर्स्ट’चा, म्हणजे बटण दाबल्यावर क्षणभर येणाऱ्या झोताचा असतो. तुलना करताना सतत वाफेचा आकडा बघा. आणि टाकीही बघा: २५० मिलीची टाकी २० ग्रॅमच्या वेगाने बारा-तेरा मिनिटांत संपते.

वीजबिलाची धास्ती फार घेऊ नये. ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, त्यामुळे १००० वॅटची साधी इस्त्री तासभर वापरली तरी युनिट एकाच्या आतच राहतं. स्टीममध्ये वाफेपुरती वीज जास्त जाते.

धरणाचं पाणी येणाऱ्या शहरांत टाकीत नळाचं पाणी चालून जातं. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत मात्र क्षार साचून भोकं बुजतात आणि वाफेबरोबर पांढरा चुरा कपड्यावर पडतो. अनेक माहितीपुस्तिका अशा ठिकाणी नळाचं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळायला सांगतात. अत्तर, व्हिनेगर, खळ टाकीत कधीच घालू नये. काम झालं की पाणी ओतून टाका. ‘सेल्फ क्लीन’ असेल तर महिन्यातून एकदा टाकी भरून इस्त्री पूर्ण तापवा, प्लग काढा आणि बेसिनवर धरून ते बटण दाबा. हा उपद्व्याप घरात कोणी करणार नाही असं वाटत असेल, तर साधी घ्या.

हातातला स्टीमर जॉर्जेट, शिफॉन, ड्रेसचे घेर, पडदे यांसाठी चांगला, प्रवासातही उपयोगी. पण त्यात दाब नसतो. सुती शर्ट त्याने ‘बरा’ दिसतो, कडक होत नाही. पहिली आणि एकुलती एक म्हणून तो घेऊ नका.

तिन्ही प्रकारांत आयएसआय खूण बघायची. इस्त्रीवर ती बंधनकारक आहे. दुकानात इस्त्री हातात घेऊन बघा, आणि टाकी भरली की तिच्यात पाव किलोची भर पडेल हेही धरा. मनगट दुखत असेल तर हलकी साधी घ्या, दुकानदार काही म्हणो.