आगीतून वाचलेली जुनी अवजारं: गंज काढायला व्हिनेगर की इलेक्ट्रॉलिसिस?

आधी धारेवर कानस फिरवून बघा. पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या पुढे उतरू लागतं. कानस सहज चावली, तर ते गेलं. गंज काढून परत येत नाही.

व्हिनेगर सोपं: रात्रभर बुडवा, घासा, खाण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्याने धुवा. विसरलात तर चांगलं लोखंडही खातं.

इलेक्ट्रॉलिसिसला, म्हणजे सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून गंज काढायला, धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा चार्जर, लोखंडी पट्टी लागते. अवजार ऋण टोकाला, पट्टी धन टोकाला. मूळ धातू शाबूत राहतो, कोरलेली अक्षरंही, म्हणून जुन्या वस्तूंसाठी माझी पसंती हीच. पट्टी स्टेनलेसची कधीच नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजनही निघतो, त्यामुळे काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब. जाम आट्यांना मात्र दोन्हीनंतर तेल आणि धीर लागतोच.